काळ्या रानात पांढरा पडदा

पुढच्या सीटवर प्रोजेक्टर होता, म्हणून मला मागे बसावं लागलं. गाडी मूळची फळांची. रुबिना बागवान यांच्या वडिलांनी तिच्यातून बरीच वर्षं जुन्नरच्या बाजारात डाळिंबं आणि आंबे आणले. आता मागच्या भागात क्रेटच्या जागी स्पीकर, वायरची भेंडोळी आणि एक लांब पांढरी गुंडाळी होती. ते कापड सिनेमाच्या पडद्याचं नव्हतं. थंडी आणि किडीपासून वाचवण्यासाठी टरबुजाच्या कोवळ्या वेलांवर जे कव्हर अंथरतात, तेच तीन थर करून शिवलेलं होतं.

बागवान मॅडम भूगोल शिकवतात. सुट्ट्या आणि शिल्लक रजा वापरून त्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांमध्ये उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरचा एक माहितीपट दाखवतात. दिवाळीनंतर त्यांची एक फेरी झाली होती. त्या वेळी प्रत्येक शाळेत त्यांनी मुलांना एक काम दिलं: आपल्या गावात काय तापतं, काय आटतं, काय जळतं, ते घरच्या मोबाइलवर चित्रित करा, पाच मिनिटांच्या आत. जानेवारीच्या अखेरीस दुसरी फेरी निघाली. या वेळी आधी माहितीपट आणि लगेच त्याच पडद्यावर मुलांनी चित्रित केलेला तुकडा, असा बेत होता. मी पुण्याहून जाऊन या फेरीत सामील झालो. वृत्तपत्रातली नोकरी संपली असली तरी टिपून ठेवायची सवय गेलेली नाही.

जुन्नर

निघण्यापूर्वी बागवानांच्या घरी चहा झाला. मॅडमचे वडील दारातच उभे राहून गाडी भरताना पाहत होते.

"इतकी वर्षं मी आढी घालून आंबा पिकवायचं काम केलं. पोरगी बर्फ विकतीय," ते मला म्हणाले. "गिऱ्हाईक मिळतंय का विचारा तिला."

"मिळतंय, अब्बा. उधारीवर नेतात," मॅडम म्हणाल्या.

या कामाबद्दल त्यांना सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो: ध्रुवाचं आपल्याला काय? उत्तर त्यांनी रस्त्यात दिलं. "खोडदला त्या मोठ्या अँटेना आहेत. आकाशगंगांचा आवाज ऐकतात. तिथं शाळेच्या सहली जातात, तेव्हा कोणी विचारत नाही की आकाशगंगेचं आपल्याला काय. बर्फ त्याहून जवळ आहे. तरी माझ्याच दारात हा प्रश्न का येतो?"

मी तो प्रश्न वहीत टिपून घेतला.

मढ

माळशेजच्या रस्त्याला मढ लागतं, तिथवर उसाचं नाव राहत नाही. भातखाचरं कापून मोकळी झालेली, धरणाचं पाणी कडेनं उतरू लागलेलं. सकाळी इतकं धुकं होतं की निवासी शाळेची इमारत दिसायच्या आधी प्रार्थना ऐकू आली.

माहितीपटाचं निवेदन हिंदी आहे. मॅडम ते बंद करतात. प्रत्येक शाळेत दोन मुलं आधी पाहून, स्वतःच्या शब्दांत मराठी निवेदन तयार करतात आणि पडद्याशेजारी उभी राहून बोलतात. त्यामुळे हा माहितीपट प्रत्येक गावात थोडा वेगळा होतो. मढला समुद्रावरच्या बर्फाच्या लाद्या "खाचरं" झाल्या आणि त्यांच्यामधल्या फटी "बांध" झाल्या. एके ठिकाणी सूर्य क्षितिजाला टेकतो आणि न बुडता पुन्हा वर चढतो. तिथं एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, दिवस मावळतच न्हाई तर गुरं घरी कधी येत्यात?"

"तिकडे गुरं नाहीत."

"मग माणसं?"

"घड्याळ बघून."

"आमची आई न्हाई येणार घड्याळ बघून," ती म्हणाली आणि खाली बसली.

माहितीपटात एक प्रसंग आहे. एक संशोधक स्त्री बर्फावर गुडघे टेकून वरचा थर चमच्यानं खरवडते, तो एका पांढऱ्या कागदावर वितळू देते आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरते. कागदावर काळे ठिपके राहिलेले असतात. ती काजळी असते, दूर कुठंतरी जळलेल्या गोष्टींची. काळा रंग ऊन शोषतो, म्हणून त्या ठिपक्यांखालचा बर्फ लवकर वितळतो. मढची मुलं इथं एकमेकांकडे बघू लागली. या भागात भाताची रोपं टाकण्यापूर्वी वाफ्यावर फांद्या, पाला आणि शेण पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. त्याचीच फांदीतोड मुलांनी आपल्या तुकड्यात घेतली होती.

"आमच्या राबाचा धूर तिकडं जातोय का?" मागून प्रश्न आला.

शाळेतले एक शिक्षक लगेच म्हणाले, "नाही रे, एवढा कुठं जातोय. घाबरू नका."

"सर, तसं सांगू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ध्रुवावरची बरीचशी काजळी त्याच्याजवळच्या देशांतून येते. आपला हिमालय आपल्याला जवळ आहे, तिथं आपल्याकडची जाते. तुमच्या राबातली किती, कुठं, हे मला माहीत नाही. सरांनाही नाही. माहीत नाही म्हणजे जात नाही असं नव्हे."

शिक्षकांना हे आवडलं नाही. जेवताना मात्र त्यांनीच मॅडमच्या ताटात आग्रहानं तांदळाची दुसरी भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. आमच्याकडे शहरात असा वाद झाला की लोक महिनाभर फोन उचलत नाहीत.

आळे

आळ्याला वेगळीच अडचण होती. या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि तो आहे हे गृहीत धरूनच दिवस आखला जातो. अंधारात मुलांना घराबाहेर सोडत नाहीत. त्यामुळे कार्यक्रम दिवसा करावा लागतो, आणि दिवसा शाळेच्या वर्गात पडद्यावर काही दिसत नाही. यावर उपाय एका द्राक्ष बागायतदारानं काढला. निर्यातीची द्राक्षं भरण्यापूर्वी थंड करायची त्याची खोली दोन दिवस रिकामी होती. खिडक्या नाहीत, दार जाड, भर दुपारी आत पूर्ण अंधार.

"पावणं, थंडी आमची, बर्फ तुमचा," तो म्हणाला. त्यानं यंत्र बंद केलं होतं, पण भिंतींनी गारवा धरून ठेवला होता.

मुलं पॅकिंगच्या बायकांची जाड जॅकेटं आळीपाळीनं घालून बसली. पडद्यावरच्या संशोधक स्त्रीनं यंत्राचा स्क्रू फिरवायला हातमोजा काढला, तेव्हा खोलीत सगळ्यांनीच दातांतून श्वास ओढला. पांढरं अस्वल तंबूजवळ आलं तेव्हा मात्र कोणी घाबरलं नाही. चर्चा सुरू झाली.

"पिंजरा लावला न्हाई का त्यांनी?"

"पिंजऱ्यात काय ठेवणार? शेळी कुठंय तिथं?"

"वनखात्याला फोन केला पायजे."

"रेंज न्हाई राव तिथं."

कार्यक्रम संपल्यावर प्रोजेक्टर बाहेर उन्हात आणला आणि त्याच्या काचेवर धुकं जमलं. मॅडम ओढणीनं पुसायला निघाल्या, तेव्हा बागायतदारानं हात धरल्यासारखं थांबवलं. द्राक्षाच्या पेटीचंही असंच होतं म्हणाला. पुसायचं नाही, सावलीत ठेवून थांबायचं. आम्ही थांबलो. तेवढ्यात त्याच्या घरून मासवडी आली. नावात मासा आहे, पदार्थात नाही; बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं आणि लसूण भरून केलेली वडी आणि सोबत तिखट रस्सा. पुण्यात ही हॉटेलात मिळते, पण रश्श्यातलं तेल तिथं नुसतं दिसण्यासाठी असतं. इथं ते घशापर्यंत जाणवतं.

पारगावच्या बाजूला

आंबेगाव तालुक्यात शिरलं की रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाच्या लागतात. पारगावला साखर कारखाना आहे आणि गाळपाच्या दिवसांत सगळ्या पंचक्रोशीला गोडसर, आंबूस वास असतो. तोडणी झालेल्या रानांत ऊसतोड कामगारांच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या होत्या. काही रानं पाचटानं झाकलेली पिवळी, काही पूर्ण काळी. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर मागे राहणारा वाळका पाला. तो जाळू नये, कुजू द्यावा, असं शेतीखातं सांगतं. पुष्कळ शेतकरी तो जाळतात.

आमची शाळा पारगावपासून थोडी पुढे, एका वाडीत होती. वाडीचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या नववीतल्या श्रावणी आणि अंकिता या दोघींनी केलेला तुकडा मॅडमना सगळ्यांत चांगला वाटत होता. त्यात संध्याकाळी एक रान पेटतं. माणूस दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो: "मागं व्हा गं." मग सकाळ होते. अंगणातल्या दोरीवर शाळेचा पांढरा शर्ट वाळत घातलेला असतो. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. शर्टवर काळे ठिपके असतात. तुकडा तिथंच संपतो. त्यात निवेदन नाही.

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी तो आदल्या दिवशी मोबाइलवर पाहिला होता. गावात त्यांना आबा म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते आणि मुख्याध्यापक बाजूच्या स्टुलावर. दोघी मुलींना बोलावून भिंतीशी उभं केलं होतं.

"बाई, पिच्चर दावा," आबा म्हणाले. "बर्फाचा दावा, अस्वलाचा दावा. हॉल तुमचाच हाय. पोरींचा तेवढा कापा."

"कारण?"

"गावाची बदनामी."

"गावाचं नाव त्यात कुठंच नाही."

"नाव कशाला पायजे? रान दिसतंय की. बांधावर कडुनिंब, कडेला विजेची डीपी. उद्या कोण बी म्हणंल, ह्या आबानं पाचट पेटवलं आन् उत्तर ध्रुव वितळवला."

अंकिता खाली बघत होती. श्रावणी बघत नव्हती.

"आबा, ते तुमचं रान न्हाई," ती म्हणाली. "आमचं हाय."

"तुमच्या बांधावर कडुनिंब कुठंय?"

"हाय की. विहिरीच्या अंगाला. आवाज बी माझ्या पप्पांचाच हाय."

शिपाई चहा ठेवत होता. त्यानं कप बशीत नीट बसवायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. जळाल्यावर सगळी रानं सारखीच दिसतात, आणि या गावात बहुतेकांच्या बांधावर कडुनिंब आहे. आबांनी न विचारता स्वतःचं रान ओळखून दाखवलं होतं.

ते सावरले, पण मागे हटले नाहीत. "मग तर मुळीच न्हाई," ते म्हणाले. "सख्ख्या बापाला पडद्यावर उघडं पाडती व्हय? हेच शिकवतात का बाई तुमाला?"

आता प्रश्न आबांच्या रानाचा उरला नव्हता. तो श्रावणीवर येऊन पडला होता. तुकडा काढला तर कार्यक्रम होणार होता, सगळी शाळा अस्वल बघणार होती आणि तिला कोणी काही म्हणणार नव्हतं. ठेवला तर वडिलांच्या नावानं गावात काय बोललं जाईल, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. तिच्या वतीनं बोलल्या नाहीत.

"कापणार न्हाई," श्रावणी म्हणाली. "पप्पांना विचारते. ते न्हाई म्हणले तर दावणार न्हाई. पण कापणार न्हाई."

तिचे वडील दत्ताभाऊ कांद्याला पाणी देत होते. त्यांनी पायाचा चिखल बांधावर घासला, हात टॉवेलला पुसले आणि तुकडा उभ्यानंच पाहिला, मोबाइलवर तळहाताची सावली धरून. संपल्यावर पुन्हा सुरुवातीपासून पाहिला.

"आवाज बराय माझा," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी मोबाइल परत केला. "त्या दिवशी पेटवायच्या आधी मी बोललो व्हतो. का पेटवतोय ते. ते कुठंय?"

"कापलं," श्रावणी म्हणाली.

"का?"

"लई लांब व्हत होतं."

"खोटं बोलू नको. लांब न्हाई. तुला पटलं न्हाई म्हणून कापलंस."

ते आमच्याकडे वळले. "पाचट ठेवलं की पाट तुंबतो, खोडव्याला, म्हंजी तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या उसाला, पाणी पोचत न्हाई. उंदीर व्हत्यात. पसरायला माणूस मिळत न्हाई. आन् शेजाऱ्यानं पेटवलं की ठिणगी इकडं येतेच, मग मी एकट्यानं ठेवून काय करू? हे समदं बोललोय मी तिच्यापुढं. बरोबर हाय असं म्हणत न्हाई. पण बोललोय." मग मुलीला म्हणाले, "दाव. माझंच रान हाय, मीच पेटवलंय, नाव बी घाल हवं तर. पण माझं बोलणं आबाच्या सांगण्यावरून जसं कापायचं न्हाई, तसं तुझ्या मनावर बी कापायचं न्हाई."

"ते घातलं तर लोक म्हणतील, बरोबरच हाय पेटवायचं."

"म्हणू दे. तू शर्ट दाव त्यांना."

बातमीदारीत हा धडा शिकायला पुष्कळांना पुष्कळ वर्षं लागतात आणि काही जण तो न शिकताच निवृत्त होतात. श्रावणीला तो आवडला नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून, ओठ घट्ट मिटून, तिनं मोबाइलवर वडिलांचं बोलणं परत जोडलं. अंकिता शेजारी बसून "इथून घे, इथून" सांगत होती.

शाळेत परतलो तर हॉलला कुलूप होतं. दुरुस्ती निघाली, असा निरोप शिपायानं दिला. कसली दुरुस्ती, हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

मॅडमनी गाडीचं दार उघडलं आणि पडद्याच्या गुंडाळीवर हात ठेवला. मग दत्ताभाऊंना फोन लावला.

"रानात येऊ का?" एवढंच विचारलं.

उघड्यावर म्हणजे दिवस मावळल्यावर, आणि दिवस मावळल्यावर म्हणजे बिबट्या. पण बिबट्याला उभा ऊस लागतो. जळून सपाट झालेल्या रानात मांजर लपायलाही आडोसा नव्हता. सगळ्या वाडीत अंधार पडल्यावर मुलांना बसवण्याजोगी सर्वांत सुरक्षित जागा तीच होती. निरोप तासाभरात घरोघर गेला. आयाबाया पोरं घेऊन आल्या, हातात बॅटऱ्या आणि बसायला रिकामी पोती. शेजारच्या कोपींतली माणसंही आली, कोयते कोपीत ठेवून. पूर्वी जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा असं बसायचो, असं एक म्हातारे म्हणाले आणि सर्वांत पुढं बसले. दोन बांबू रोवले, कापड ताणलं, कृषिपंपाच्या मीटरवरून वीज घेतली. काळ्या रानात तो पडदा बराच दुरून दिसत असणार, कारण रस्त्यावरचे दोन ट्रॅक्टरही थांबले.

आबा निम्म्यात आले. मोटारसायकल बांधावर लावली आणि तिथंच उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

निवेदन श्रावणी आणि अंकिताच करत होत्या. काजळीचा प्रसंग आला. चमचा, पांढरा कागद, काळे ठिपके. त्यानंतर लगेच मुलींचा तुकडा. दत्ताभाऊंचा आवाज स्पीकरमधून आला: पाट तुंबतो, उंदीर व्हत्यात, माणूस मिळत न्हाई. बसलेल्यांपैकी काही जणांनी मान हलवली. एक जण म्हणाला, "खरंय." मग रान पेटलं, सकाळ झाली आणि दोरीवरचा शर्ट आला. बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हटलं, "आमच्याकडं रोजचंच हाय हे." यावर मात्र कोणी मान हलवली नाही.

शेवटी मॅडम माहितीपटातलं एक दृश्य पुन्हा लावून ठेवतात, प्रश्न विचारले जात असताना मागे राहावं म्हणून: सपाट पांढरा बर्फ, दूरवर काही नाही. त्या वेळी वारा सुटला. रानातली राख भुरभुरत उठली आणि पडद्यावर जाऊन बसू लागली. आधी एक-दोन कण, मग बरेच. बर्फावर काळे ठिपके दिसू लागले आणि ते माहितीपटातले नव्हते.

आबा बांधावरून उतरले. लोकांच्या मधून वाट काढत पडद्यापाशी गेले. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ठिपके पुसायला लागले. या गावात दोरीवरच्या कपड्यावर राख पडली तर ती पुसायची नसते, कपडा झटकायचा असतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आबांना माहीत नसावं. टॉवेल फिरला तसा बर्फावर हातभर काळा पट्टा उमटला. त्यांनी तो घालवायला आणखी जोरानं पुसलं. पट्टा रुंद झाला.

श्रावणी पडद्याशेजारी, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. माइक चालू होता, पण तिनं तो खाली धरला होता.

"आबा, पुसू नका," ती म्हणाली. "पसरतंय ते."

आबांनी हात थांबवला. पडद्याकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांची सावली बर्फावर पडली होती आणि ती हलवल्याशिवाय कोणाला पुढचं दिसणार नव्हतं. पुढच्या पोत्यावरचे म्हातारे थोडे सरकले. आबा तिथं खाली बसले.

श्रावणीनं माइक वर घेतला आणि पहिला प्रश्न कोणाचा ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या शाळेत मॅडमनी तोच पडदा लावला. धुतला नव्हता. पट्ट्याबद्दल मुलांनी विचारलं, तेव्हा त्यांनी आधी माहितीपट दाखवला.